गवत आहे, काप

माझ्या काकाला धक्क्यावर त्याच्या नावाने कुणी हाक मारत नसे. तो 'वजनकाटा'. जाळं अजून पाण्यात असायचं, हा त्याचा दोर नुसता हातात घ्यायचा, डोळे अर्धवट मिटायचा आणि सांगायचा, "वीस-बावीस किलो. बारीकच आहेत. एक दांडगा आहे, पण तो पार डाव्या टोकाला." जाळं वर आलं की डाव्या टोकाला एक दांडगा असायचाच. "मासा थरथरतो गं," तो मला सांगायचा. "ती थरथर दोरातून हातात येते. बाकी काही नाही, तेवढी मोजायची."

होडी आजोबांची. ते गेल्यावर दोघा भावांनी जागा वाटून घेतल्या, म्हणजे ज्याला जे येत होतं ते त्याने धरलं. बाबा मागे, इंजिनाशी. काका मधल्या फळीवर, दोराशी. ती फळी काकाच्या बसण्याने इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यावर दुसरं कुणी बसलं तर घसरायचं, आणि काका खूश व्हायचा. "बघा, ओळखते ती."

बाबा मुळात शब्द जपून वापरणारा माणूस. सकाळी इंजिन बंद केलं की तो एकच प्रश्न विचारायचा, रोज त्याच सुरात, 'काय' वर जरा लांबवून : "दादा, काऽय आहे?" काका उत्तर द्यायचा आणि ओढायला लागायचा. वीस वर्षं दोघांचं संभाषण एवढंच. आई म्हणायची, "दोघांचा किती जिव्हाळा! दिवसभरात चार शब्द, त्यातले दोन 'हं'."

आणि एक शब्द असा होता की त्यावर प्रश्न विचारायचा नाही. 'काप.' काकाने 'काप' म्हटलं की बाबाने गुडघ्यापाशी असलेल्या खुंटीवरचा दोर सुरीने तोडायचा, कारण जाळं कशात तरी अडकलेलं असतं, ओहोटी त्याला ओढत असते, आणि जाळं होडीला ओढत असतं. आजोबांनी एकदा त्यांच्या भावाला उलट विचारलं होतं, "खरंच कापू?" तेवढ्या वेळात दोराने त्यांची दोन बोटं नेली. म्हातारपणी ते आम्हाला उरलेली तीन दाखवून म्हणायचे, "प्रश्न विचारण्याची हौस."

मग खाडीत गवत आलं.

गवत आपलं आम्ही म्हणतो. ते तपकिरी, बुळबुळीत आणि केसांसारखं बारीक. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले केस असतात ना, तसे, फक्त खाडीभर. आधी उन्हाळ्यात महिनाभर असायचं, मग दोन महिने, आणि त्या वर्षी गेलंच नाही. जाळ्याच्या एकेका भोकात बसायचं आणि जाळ्याची भिंत करून टाकायचं. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळलं की इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायचं. किनाऱ्यावर कुजलं की आमच्या वर्गाच्या खिडक्या भर उन्हात बंद, कारण वास सडक्या अंड्यांचा. जाळं धक्क्यावर आणून, पसरून, बोटांनी एकेक झुपका उपसायचा, हे काम काकू आणि आई करायच्या. दोघींच्या मनगटांवर पुरळ उठलं होतं. खाजवत खाजवत भांडायच्या.

मत्स्यखात्याचा एक साहेब आला होता. त्याने बाटलीत गवत भरलं, ती उन्हात धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सदर शैवाल हे उपद्रवी स्वरूपाचे असून त्याची वाढ ही पाण्याच्या तापमानाशी निगडित असल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते."

काका म्हणाला, "साहेब, नाव-गाव कळलं. आता घेऊन जा."

"नमुना घेतलेला आहे."

"नमुना तुम्ही ठेवा हो. उरलेलं न्या."

धक्का हसला. काका सगळ्यात उशिरा हसला, आणि साहेब उभा होता त्याच्या जरा उजवीकडे बघून हसला. तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मला लोकांचे आवाज काढायचा नाद, मी साहेबाचं 'सदर' पाठ करत होते.

गवताने काकाचा काटा बिघडला. मासा थरथरतो, पण गवतही लाटेबरोबर हलतं, आणि झुपक्यात खेकडे-बिकडे अडकलेले असले की तेही वळवळतात. पहिल्यांदा तो मोठ्याने ओरडला, "भरलंय रे! दोन माणसांचं वजन आहे!" आजूबाजूच्या तीन होड्यांनी माना वळवल्या. वर आलं ते दोन माणसांच्या वजनाचं गवत. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग धक्क्यावर त्याला बघून कुणीतरी नाक धरून म्हणायचं, "काटेसाहेब, आमच्या गुरांना थोडं द्या की." ज्याच्याकडे गुरं नाहीत असा माणूस म्हणायचा हे.

काका उलट बोलायचा नाही. फक्त त्यानंतर त्याने 'भरलंय' म्हणणं सोडलं. बाबाने "दादा, काऽय आहे?" विचारलं की तो आता म्हणायचा, "गवतच असणार." आणि बहुतेक वेळा गवतच असायचं.

याच दिवसांत बर्फवाला आमच्या घरी यायला लागला. बर्फाचा कारखाना त्याचा. माणूस नाकातून बोलतो आणि वाक्याचं शेपूट दोनदा म्हणतो, जणू पहिलं वितळलं तर दुसरं असावं. "माझा भाचा रिकामाच आहे, रिकामाच. दणकट पोरगा. तुमच्या वजनकाट्याचं वय झालं आता, झालं आता." त्याला भाच्यासाठी मधली फळी हवी होती. बाबा म्हणायचा, "दादा आहे तोवर दादा." काका ऐकत बसायचा आणि बर्फवाला उठून गेला की विचारायचा, "गेला?" आम्हाला वाटायचं, टोमणा आहे.

आता बघायला गेलं तर सगळं दिसत होतं. घरातून धक्क्यापर्यंत जाताना तो बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला हात लावून चालायचा. "गार लागते," म्हणायचा. समोर कुणी आलं की आधी ओळख द्यायचा नाही, "हं, बोला" म्हणून थांबायचा, आणि आवाज आल्यावर मग, "अरे तू होय!" काकू म्हणायची, "हल्ली भाव खातात. लोकांनी आधी बोलायचं यांच्याशी!" ताटात काय वाढलंय हेही तो वास घेऊन सांगायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

एका दुपारी मी शाळेतून आले. घरात काका एकटाच, खिडकीपाशी बसून दोराची टोकं गुंफत होता. माझ्या अंगात आलं. मी चपला बाहेर काढल्या, दारातच उभी राहिले, नाक आतून बंद केलं आणि बर्फवाला झाले : "काय काटेसाहेब, मग आमच्या भाच्याचं काय ठरलं, काय ठरलं?"

मला वाटलं होतं, काका वर बघेल आणि दोर फेकून मारेल. दार दक्षिणेला आहे. मी भर उन्हात उभी होते, निळ्या गणवेशात, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. आमच्यात चार पावलं होती.

काकाने मान वर केली, माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाला, "बसा ना, शेठ."

मी हसू दाबलं. म्हटलं, हाही नाटक करतोय.

"आता दारात आलाच आहात, घरात कुणी नाही, तर बोलतो," काका हळू म्हणाला. हा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता आणि तो मला आजही काढता येत नाही. "एक वर्ष थांबा. जास्त नाही. एवढं एक वर्ष मला त्या फळीवर बसू द्या, मग मी आपणहून उतरतो. तुमच्या भाच्याला दोर शिकवतो. माझ्या भावाला मात्र काही बोलू नका. मला येतं हेच एक. खाली उतरलो की मी कोण?"

बर्फवाल्याच्याच आवाजात मी म्हणाले, "बरं, बरं." आणि चपला हातात घेऊन अनवाणी निघाले. फरशी इतकी तापली होती की पायाला चटके बसत होते, पण चप्पल घातली तर वाजली असती.

खरी फजिती संध्याकाळी झाली. खरा बर्फवाला आला आणि त्याने तेच विचारलं. काका म्हणाला, "शेठ, दुपारी सांगितलं ना सगळं."

"दुपारी कधी, दुपारी कधी? दुपारी मी कारखान्यात होतो."

काकाने मांडीवरचा दोर उगाच सारखा केला. मग म्हणाला, "हो हो. माझंच काहीतरी." मी स्वयंपाकघरात पाणी भरत होते. बर्फवाला गेल्यावर काकाने मला हाक मारली. नळ बंद करून मी गेले. त्याने माझं मनगट धरलं. घट्ट नाही, दोर धरतो तसं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही कुणाला."

"आईला?"

"नाही."

तो थोडा वेळ धरून राहिला. बहुधा थरथर मोजत होता. "डॉक्टर म्हणाला, नस सुकत चाललीय," तो म्हणाला. "डोळ्यामागची. जे गेलं ते येत नाही. उरलंय तेही जाणार. पण दोराला डोळे लागत नाहीत, बाळा. लागतात का?"

"नाही."

"मग झालं तर." त्याने हात सोडला. मग ओठ मुडपून म्हणाला, "आवाज मात्र फर्स्टक्लास काढलास. पाय धरायला निघालो होतो तुझे."

मी कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे. त्यात मोठं काही करतेय असं मला वाटत नव्हतं, उलट छान वाटत होतं, माझ्याकडे काहीतरी ठेवायला दिल्यासारखं. काकूला त्याच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली दोऱ्याच्या डब्यात सापडली तेव्हा, "अगं, ते इंजिनाचं तेल असेल," असं मीच म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमची दोन जाळी गवताने फाटली होती. तिसरं, शेवटचं, धड होतं. एके दिवशी बाबा आणि काका पहाटे ते टाकून आले आणि ओहोटी लागल्यावर ओढायला गेले. पुढचं मी बाबाकडूनच ऐकलं. त्याच दुपारी तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून आईला सांगत होता. इतकं तो आयुष्यात एका वेळी बोलला नव्हता, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून पाणी पीत होता.

पाण्याला ओढ होती. दोर खुंटीला बांधला, काकाने हातात घेतला, आणि होडी एका अंगावर कलली. बाबाने इंजिन प्रवाहाच्या विरुद्ध धरलं. त्याचं सगळं लक्ष इंजिनात, कारण इंजिनाची पकड सुटली तर होडी आडवी. त्याने विचारलं, "दादा, काऽय आहे?"

काकाने दोर ओढला. जाळ्याचा पहिला वावभर, दोन हात पसरावेत एवढा, भाग होडीच्या काठाशी वर आला, पाण्याखाली हातभर. काठावरून आत पाणी यायला लागलं होतं. काका वाकला. अगदी वाकून, त्या जाळ्यावर तोंड धरून बघत होता. बाबाने ते स्वतः पाहिलं. वाकला, बघितलं आणि म्हणाला, "मेलेलं वजन आहे. जीव नाही यात. गवत आहे, काप."

बाबाने कापला. प्रश्न विचारायचा नसतो.

होडी सरळ झाली तेव्हा बाबाने काठावरून खाली पाहिलं. जाळं खाली जाताना उलटलं. वरून गवताची गोधडी, आणि तिच्या खाली, उलट्या बाजूने, मासेच मासे. हात-हातभर लांब, पोटं वर, पांढरी. गवताने भोकं बंद केली होती, आतल्यांना पाणी मिळालं नाही, सगळे गुदमरून मेलेले. मेलेला मासा थरथरत नाही. "इतके मासे," बाबा आईला म्हणाला, "वडील असतानाही बघितले नव्हते. गवतातून पांढरं दिसत होतं गं. मागून, इंजिनाशी बसून मला दिसलं. तो तर वर वाकला होता."

दुसऱ्या टोकाचा तरंगणारा गोळाही गवताने आधीच खाली ओढला होता. परत मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

"मग?" आईने विचारलं.

"मग मी बोटं दाखवली."

"कसली बोटं?"

"दादासमोर तीन बोटं धरली. म्हटलं, किती आहेत? तो म्हणाला, लाज नाही वाटत, मोठ्या भावाची परीक्षा घेतोस? मी म्हटलं, हो घेतो. किती? तो म्हणाला, दोन." बाबाने पेला खाली ठेवला. "नंतर म्हणाला, पाच. मग म्हणाला, बापासारखी तीन. तोवर मी हात खाली घेतला होता."

बाहेरच्या खोलीत काका बसला होता. पडदा सोडला तर मधे काही नव्हतं, त्याला सगळं ऐकू जात होतं. काकू त्याच्यासमोर उभी. ती ओरडेल असं मला वाटलं. तिने दोऱ्याच्या डब्यातली ती बाटली आणली आणि त्याच्या हातात ठेवली, एवढंच. "मला हे तेल म्हणून सांगितलं होतं."

मी पडद्याशी उभी होते. 'तेल' मीच म्हणाले होते. काका लगेच म्हणाला, "हो. मीच सांगितलं. कुणाला माहीत नव्हतं."

बाबा बाहेर आला. "कुणालाच? या एवढ्याशा घरात?"

"कुणालाच."

"इतके दिवस तू माझ्या होडीत आंधळा बसलास. माझा जीव तुझ्या हातात, आणि तू..." बाबाला पुढचा शब्द सापडेना. आपण शब्द जपून वापरले की ऐन वेळी ते सापडत नाहीत.

"आंधळा नाही," काका म्हणाला. "सावल्या दिसतात."

"कशाच्या?"

"तुझी दिसते."

बाबा दारातून निघून गेला. जाताना काकाला सावली दिसली की नाही, मला माहीत नाही. मला वाटत होतं, मी तीन आठवड्यांपूर्वी एक वाक्य बोलले असते, माझ्या स्वतःच्या आवाजात, तर ते जाळं आज धक्क्यावर वाळत पडलं असतं. हे मी त्या दिवशीही बोलले नाही. काकाने माझ्यासाठी जे झाकलं होतं ते उघडायची हिंमत झाली नाही.

सोमवारी मधल्या फळीवर बर्फवाल्याचा भाचा बसला. नवी जाळीही बर्फवाल्यानेच आणून दिली. भाचा पहिल्याच दिवशी घसरला. पोरगा वाईट नाही. "काका, दोर कसा धरायचा, जरा दाखवता का?" असं तो विचारायला आला होता, पण काका म्हणाला, "आता कशाला? बघून चालेल तुझं. तुला डोळे आहेत."

काका रोज सकाळी भिंतीला हात लावून धक्क्यावर येतो. गार लागते म्हणत नाही. होडी आली की बाबा गवताने भरलेलं जाळं त्याच्यापुढे टाकतो आणि काही न बोलता निघून जातो. काका गवत उपसत बसतो. हे काम त्याच्याइतकं कुणालाच येत नाही. आई आणि काकू दोघी मिळून जितकं करतात तितकं तो एकटा करतो, एक भोक सुटत नाही, एक गाठ तुटत नाही. त्याच्याही मनगटांवर आता पुरळ आहे. धक्क्यावरचे लोक नाक धरून बोलायचे बंद झाले. ते आता फार गोड बोलतात. ते ऐकवत नाही.

एकदा बर्फवाला आला. "काय कसं काय, कसं काय?"

काकाने मान वर केली. "खरा की खोटा?"

"म्हणजे? म्हणजे?"

"खरा आहे," काका म्हणाला आणि पुन्हा उपसायला लागला.

परवा मी शाळेतून सरळ त्याच्याकडे गेले. काही न बोलता शेजारी बसले. होडी दुपारच्या खेपेला निघत होती. काकाने हात थांबवले आणि कान लावला. "डावीकडे नेतोय," तो म्हणाला. "गवतात घालणार." कुणाला सांगणार? होडी लांब गेली होती. थोड्या वेळाने इंजिन खोकायला लागलं, मग बंद पडलं. दूरवर बाबा मागे वाकून पंखा साफ करताना मला दिसत होता. मी ते काकाला सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

"बोलत नाही तो माझ्याशी," काका म्हणाला.

"तो कुणाशीच बोलत नाही, काका."

"एक विचारायचा ना, तेवढंही नाही." त्याने गवत बाजूला सारलं आणि ढिगातून जाळ्याचा दोर शोधून काढला. दोन्ही हातांत धरला, पाय रोवले. "काढ त्याचा आवाज. तेवढा एकच."

मी आजवर कुणाचाही आवाज काढला तो हसवायला. घसा खाकरला. बाबासारखी जराशी वाकले, कारण आवाज तिथून येतो, आणि म्हणाले, "दादा, काऽय आहे?"

बरोबर निघाला. इतका बरोबर की मलाच मागे बघावंसं वाटलं.

काकाने डोळे अर्धवट मिटले. दोर हातात धरून तो बराच वेळ थांबला. जाळं धक्क्यावरच होतं, ओलं, ढिगाने, त्यावर माशा बसत होत्या.

"गवत आहे," तो म्हणाला.

मी वाट पाहिली. दुसरा शब्द त्याने म्हटला नाही. दोर खाली ठेवला आणि पुढचं भोक चाचपडायला लागला.